आत्याचे बिनचमकेचे टाके

चूक माझी होती. ती चांगल्या हेतूनं केली होती, हे मी दरवेळी सांगतो, आणि दरवेळी आत्या म्हणते, "हेतू ठेव बाजूला. हात काय करत होते ते सांग."

तर हात काय करत होते ते सांगतो.

आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक यंत्रांतली सर्किटची कार्डं दुरुस्त होतात. लिफ्टची, वजनकाट्यांची, दवाखान्यात सलाइन मोजून सोडणाऱ्या पंपांची. मालक त्याला कारखाना म्हणतात. बघणाऱ्याला जिना चढून आल्यावर एक लांबोडका हॉल दिसतो, त्यात सात टेबलं, प्रत्येक टेबलावर धूर ओढणारा एक छोटा पंखा, आणि टोकाला जाळीच्या दारामागे मी. मी स्टोअर सांभाळतो. खरेदीही माझ्याकडेच आहे, म्हणजे शिव्या खायची दोन खाती आहेत.

एके दिवशी पंपवाल्या कंपनीचं पत्र आलं की यापुढे आमच्या कार्डांना शिशाचं सोल्डर चालणार नाही. सोल्डर म्हणजे ती बारीक तार, जी वितळवून पार्टचे पाय कार्डाला टाके मारून जोडतात. वर्षानुवर्षं त्या तारेत कथील आणि शिसं असायचं. पण शिसं विषारी. फेकून दिलेल्या यंत्रांतून ते मातीत उतरतं, मातीतून पाण्यात. म्हणून आता बिनशिशाची तार. मालकांनी मला दहा रिळं आणायला सांगितली आणि वर बजावलं, "वेगळ्या कपाटात ठेव. प्रत्येक रिळावर हिरवं लेबल लाव. दोन्ही तारा दिसायला जुळ्या बहिणी आहेत. एकत्र झाल्या तर तुझी खैर नाही."

रिळं आणली. लेबलं लावली. मग माझ्या लक्षात आलं की नव्या रिळाचं भोक लहान आहे आणि टेबलांवरच्या स्टँडच्या दांडीवर ते बसत नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं मालकांना सांगितलं असतं. मी डोकं चालवलं. एक जुनं रिकामं रीळ घेतलं आणि त्याच्यावर नवी तार गुंडाळून काढली. अख्खी दुपार गेली. हिरवं लेबल चिकटवायला काढलं आणि फोन वाजला. फोन मित्राचा होता, कामाचा नव्हता, हेही सांगून टाकतो. बोलता बोलता रीळ फडताळावर ठेवलं ते ठेवलंच. त्याच्यावर जुनं लेबल तसंच होतं: साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आत्यानं उचललं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय छप्पन्न, उंची टेबलाला पुरेल इतकी, आवाज दोन टेबलांना पुरून उरेल इतका. माझी ती सख्खी, पण कारखान्यात तिला सगळे आत्याबाई म्हणतात, मालकसुद्धा. तीस वर्षं ती खिडकीजवळच्या पहिल्या टेबलावर बसते. हे टेबल मानाचं. बाकी सहा टेबलांवर दुरुस्त झालेलं प्रत्येक कार्ड शेवटी तिच्यासमोर येतं, आणि तिनं बघितल्याशिवाय जिना उतरत नाही.

बघायची तिची रीत ठरलेली. कार्ड खिडकीकडे तिरपं धरायचं आणि दागिन्यांच्या दुकानात बांगडी फिरवून बघावी तसं हळूहळू फिरवायचं. उजेड एकेका टाक्यावरून सरकत जातो. टाका चमकला की पास. मळकट दिसला की तो 'थंड टाका', म्हणजे धड न तापता बसलेला. तो आज चालतो आणि उद्या ऐनवेळी दगा देतो. हा शब्द आत्यानं कारखान्याबाहेरही नेलाय. मुलीला सांगून आलेला एक मुलगा बघून ती परत आली तेव्हा काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, विचारलं, "कसा आहे?" तर म्हणाली, "वरून बरा आहे. थंड टाका." तो विषय तिथेच मिटला. माझ्या वडिलांनाही ती थंड टाकाच म्हणते, पण ती बहीण-भावांतली गोष्ट आहे, त्यात मी पडत नाही.

नोकरी मला तिनंच लावली. त्यामुळे माझी प्रत्येक चूक तिच्या नावावर चढायची. "आत्याबाई, तुमच्या भाच्यानं…" इथून वाक्य सुरू झालं की ती चष्म्याशिवायच माझ्याकडे चष्म्यावरून बघितल्यासारखं बघायची.

तर ते रीळ. बिनशिशाची तार वितळायला जास्त ताप लागतो, आणि टाका कितीही चांगला बसला तरी तो दिसतो मळकटच. हे आता मला माहीत आहे. तेव्हा मला माहीत नव्हतं आणि आत्याला कळायचं काही कारण नव्हतं, कारण लेबल जुनंच होतं. पहिल्या दिवशी तिला वाटलं आयर्न, म्हणजे तार वितळवायची ती तापणारी दांडी, बिघडला. तिनं त्याचं टोक बदललं, नव्या टोकाला कल्हई केल्यासारखी तार फासून घेतली. टाके मळकटच. दुसऱ्या दिवशी तिनं टोक पुसायचा स्पंज धुतला, मग नवा घेतला, मग पंख्याला दोष दिला. तिसऱ्या दिवशी ती उठून दुसऱ्या टेबलावर गेली आणि तिथले टाके बघून आली. तिथे सगळं लखलखीत.

मी जाळीतून विचारलं, "काय आत्या, आज तार रुसली का?"

"तार कशाला रुसेल? रुसायला माणसं कमी आहेत का?"

बघा म्हणजे. नेम बरोबर लागला होता, फक्त नेमबाजाला पत्ता नव्हता.

तारेवर तिला संशय आला नाही. तीस वर्षं तेच लेबल, तीच तार. स्वयंपाक बिघडला तर बाई मिठाच्या बरणीवर संशय घेत नाही, आपल्या हातावर घेते. आत्यानं आधी हातावर घेतला, मग डोळ्यांवर. चौथ्या दिवशी ती दुपारी दोन तास सुट्टी घेऊन गेली आणि पर्समध्ये एक निळी डबी घेऊन आली. कुणी बघत नसलं की डबीतून चष्मा निघायचा.

"आत्या, चष्मा?"

"वाचायला."

"काय वाचतेस?"

"तुझं नशीब. अक्षर फार बारीक आहे."

चष्म्यानं एकच झालं, टाके आधी बारीक मळकट दिसायचे ते आता मोठे मळकट दिसायला लागले. आपण केलेलं प्रत्येक कार्ड ती स्वतःच नापास करून एका ट्रेमध्ये ठेवत होती. चौतीस कार्डं साठली. एकही खाली गेलं नाही, हे तिचं मोठेपण आणि माझं नशीब, बारीक अक्षरातलं.

शनिवारी संध्याकाळी मालकांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात वहीतलं फाडलेलं एक पान होतं.

"तुझ्या आत्यानं चिठ्ठी दिलीय. म्हणते नजर गेली, हात गेला, मला पॅकिंगला बसवा. घरी काही झालंय का रे?"

मी म्हटलं, "नाही हो." आणि चिठ्ठी वाचली. आत्याचं अक्षर टाक्यांसारखंच, एकसारख्या अंतरावर. 'माझ्या हातून चुकीचं कार्ड दवाखान्यात जायला नको' असं एक वाक्य होतं. त्या वाक्यानंतर मला मालकांचं बोलणं ऐकू आलं नाही. मी बाहेर आलो, चौतीस कार्डांचा ट्रे बघितला. मग स्टँडवरचं रीळ बघितलं. मग कपाट उघडून हिरवी लेबलं मोजली. नऊ. परत मोजली. आकडे मोठे हट्टी असतात, पुन्हा नऊच आले. दहाव्या रिळाची रिकामी चकती माझ्याच ड्रॉवरमध्ये होती, तिच्यात मी पेन्सिली ठेवत होतो.

रविवारी सकाळी आत्याच्या घरी गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या. काका बाहेरच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होते. ते छापखान्यात खिळे जुळवायचे, शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ उभी करायची. छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि खिळे गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण सवय गेली नाही. घरातली बटणं, खिळे, सुया, औषधाच्या गोळ्या, सगळं छोट्या छोट्या खणांत, आणि काका न बघता हात घालून हवं ते काढतात.

"ये. आज इकडे कसा?" आत्या म्हणाली. ती खिडकीत बसली होती, मांडीवर पॅकिंगचा फोम आणि खोकी. घरी सराव करत होती. मी एक खोकं बाजूला सरकवून बसलो आणि मुद्द्यालाच हात घातला.

"आत्या, तुझी नजर चांगली आहे."

"डोळ्याच्या डॉक्टरला फी दिलीय मी. तुझं मत फुकटातही नको."

"टाके चांगले होते."

"मळकट होते."

"ते तसेच दिसतात. तार बिनशिशाची होती. जुन्या रिळावर नवी तार."

काकांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"कुणी गुंडाळली?"

"मी."

"आणि लेबल?"

"फोन आला."

हातातला फोम आत्यानं नीट घडी करून खाली ठेवला. फोमची घडी होत नाही, तो परत उघडला. तिनं परत केली. मग एकदम हसायला लागली. इतकी की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला तिनं चष्मा काढला, आणि चष्मा हातात बघून आणखी हसली.

"अहो, ऐकलंत? मी चांगली आहे!"

"मला कुणी विचारलंच नाही," काका म्हणाले, "मी आधीच सांगितलं असतं."

मग हसू थांबलं. ती माझ्याकडे वळली. "पाच रात्री झोपले नाही मी. समजलं? पाच रात्री. चष्मेवाल्याला सांगून आले की माझ्या हातात कंप आहे का तेही बघा. तो म्हणाला, बाई, मी फक्त डोळे बघतो." मग म्हणाली, "उद्यापासून जेवायच्या सुट्टीत तू जेवायचं नाहीस. चौतीस कार्डं आहेत. एकेक टाका सोडवायचा, तांब्याच्या जाळीनं सोल्डर टिपून घ्यायचं आणि कार्ड माझ्याकडे द्यायचं. लिफ्टची आणि काट्यांचीच आहेत ती, मी जुन्या तारेनं परत मारते."

"चौतीस?"

"तेहेतीस म्हणालास तर छत्तीस करीन."

गोष्ट इथे संपली असती, पण मालक संपू देणारे नव्हते. सोमवारी आत्या चिठ्ठी परत मागायला गेली. मी दाराबाहेर होतो, कान आत.

"चिठ्ठी राहू दे माझ्याकडे, आत्याबाई. पंपवाल्यांची तपासनीस बाई पुढच्या गुरुवारी येतेय. बिनशिशाचं काम कोण करतं आणि कसं करतं ते बघणार. त्यांचं काम म्हणजे आपलं निम्मं काम. ती ज्याचा हात पास करेल तो पहिल्या टेबलावर. तुम्ही पास झालात की चिठ्ठी फाडली. नाही झालात तर… तुम्हीच लिहिलंय त्यात, मी आपल्या पदरचं काही म्हणत नाही."

"म्हणजे तीस वर्षांनी परीक्षा?"

"मलाही द्यावी लागते. दर महिन्याला बँकेत."

आत्या तरातरा बाहेर आली आणि म्हणाली, "नाही देत जा. मळकं काम शिकायचंय कुणाला? खोकी भरीन." दोन दिवस तिनं हिरव्या लेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. मी कार्डं सोडवत होतो, भूक लागत होती, आणि गुरुवार जवळ येत होता.

तिला वळवलं ते काकांनी, आणि तेही उपदेश न करता. मी उरलेली चार कार्डं घेऊन त्यांच्या घरी बसलो होतो. काका बटणांचा खण लावत होते. म्हणाले, "माझं शिसं गेलं तेव्हा मीही रुसलो होतो, अगं. आठवतंय ना? खिळे भंगारात किलोवर घातले. मालक म्हणाला, कॉम्प्युटर शिकतोस का? मी म्हटलं, नाही. तीन महिने छापखान्याच्या पायरीवर जाऊन बसत होतो. वाटायचं, अडेल त्यांचं, बोलावतील."

"बोलावलं?" मी विचारलं.

"नाही रे. पायरी गार होती, पाठ धरली."

आत्या म्हणाली, "तुमची पाठ अजून बोलते." आणि उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या जाळीसमोर येऊन हात पुढे केला. "दे एक रीळ. लेबलाचं दे."

सरावाला कार्डं हवी होती, वाया गेली तरी चालतील अशी. ती रस्त्यापलीकडे मिळतात. तिथे एका रेडिओवाल्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन हात रुंदीची फट, मागे छतापर्यंत उघडी पडलेली यंत्रं. त्याला सगळे खरखर म्हणतात. रेडिओमुळे की आवाजामुळे ते नक्की नाही. तो आणि आत्या एकाच उस्तादाकडे, एकाच टेबलावर शिकले, आणि तेव्हापासून कोणाचा टाका सरस यावर त्यांचं भांडण आहे.

"बिनशिशाचं?" खरखर म्हणाला. "ते सोल्डर आहे का? तो तर बिनसाखरेचा चहा."

"तुला डॉक्टरनं तोच सांगितलाय ना?"

"सांगितलाय. पितो का?"

"म्हणून तर तसा दिसतोस. भंगार दे."

त्यानं पोतंभर कार्डं दिली. त्यात जुनी शिशाची आणि नवी बिनशिशाची सगळी मिसळलेली. सरावाला फक्त नवी हवी होती. मी म्हटलं, मळकट ती नवी. आत्या म्हणाली, "धूळ खाऊन सगळीच मळकट झालीत, तुझ्यासकट." मग तिनं जे केलं ते मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं. आमच्या आयर्नला ताप ठरवायचा आकडा असतो. शिशाची तार एकशे त्र्याऐंशी अंशांना वितळते, बिनशिशाची दोनशे सतराला. आत्यानं आकडा बरोबर मध्ये, दोनशे दहावर ठेवला आणि टोक एकेका टाक्यावर टेकवत गेली. वितळला तर शिसं. ढिम्म हलला नाही तर बिनशिशाचा. तासाभरात पोत्याच्या दोन राशी झाल्या. तिनं हे असं केलं जसं कुणी तांदूळ निवडावा, आणि वर मला विचारलं, "तोंड काय उघडं ठेवलंयस? धूर जाईल."

पण टाका मारणं इतकं सोपं नव्हतं. तिचे डोळे चमक मागत होते. चमक येईना म्हणून ती ताप वाढवायची, आणि जास्त तापल्यावर कार्डावरचं तांब्याचं कडंच उचकटून यायचं. चार कार्डं अशी गेली. पाचव्याला तिनं वैतागून पक्कड घेतली आणि मळकट टाक्यातून पार्ट ओढला. पार्टचा पाय तुटला. टाका जागेवर. दुसरा ओढला. पाय तुटला, टाका जागेवर.

"अरे," ती म्हणाली, "हे तर धरून बसलंय."

मग तिनं वीस टाके ओढले. सतरा टिकले, तीन निघाले. निघालेले तीन आणि टिकलेले सतरा तिनं भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवले. मग मला ओढून भिंगापाशी बसवलं. "रंग बघू नकोस. काठ बघ." टिकलेल्या टाक्याचा काठ तांब्यावर पसरत पसरत पातळ झाला होता, स्वच्छ ताटलीत पाणी पसरतं तसा. निघालेला टाका गोल फुगून बसला होता, तेलकट ताटलीवरच्या थेंबासारखा. "इतकी वर्षं मी चमक बघत होते," आत्या म्हणाली. "काठ समोरच होता. चमकेपुढे त्याच्याकडे बघितलंच नाही." मग लगेच, "हे खरखरला सांगायचं नाही."

बुधवारी, परीक्षेच्या आदल्या दिवशी, नवीच अडचण निघाली. पंपाच्या कार्डाला एका जागी जाड तांबं असतं, ते ताप पिऊन टाकतं. आमची टोकं बारीक, तिथे पोचेपर्यंत थंड. जाड, चपटं टोक हवं. बाजारात आमच्या आयर्नला बसणारं तसं टोक बंद झालेलं. पण खरखरकडे तोच आयर्न होता, आमच्याच कारखान्यानं विकलेला, आणि त्याच्याकडे तसलं एक टोक होतं, कापसात गुंडाळून काचेच्या बाटलीत ठेवलेलं.

"एकदाही वापरलेलं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच साफ लागला.

"कशासाठी ठेवलंयस? अंगठीत बसवणार आहेस?"

"असू दे. परत देशील?"

"देईन."

"असंच?"

"अरे, एका दिवसाचं काम आहे," आत्या म्हणाली. नीट ऐकलं तर हे 'हो' नव्हतं, पण खरखरनं नीट ऐकलं नाही.

गुरुवारी तपासनीस बाई आली. वय माझ्याएवढंच असेल, केस घट्ट बांधलेले, हातात पेटी. तिनं आत्याला "मॅडम" म्हटलं. आत्यानं मागे वळून बघितलं की ही कुणाला म्हणतेय.

"काम किती तापमानावर करता, मॅडम?"

"तार वितळेपर्यंत."

बाईनं लिहून घेतलं की नाही ते मला दिसलं नाही. मालकांना घाम फुटलेला मात्र दिसला. ते उगाच खिडकी उघडत होते आणि लावत होते. बाईनं पेटीतून पंपाचं एक कार्ड काढलं. चार पार्ट बदलायचे होते, त्यातला एक त्या जाड तांब्यावरचा. सगळी टेबलं काम करत असल्याचं नाटक करत होती.

आत्यानं कार्ड उचललं, खिडकीकडे तिरपं धरलं आणि फिरवायला लागली. जुनी सवय. मग तिनं कार्ड खाली ठेवलं, भिंग ओढलं आणि काठ बघत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. एका जागी थांबली. आयर्नचा आकडा दोनशे दहावर आणला.

"मॅडम, एवढ्या कमी तापावर वितळणार नाही," बाई म्हणाली.

"न वितळला तर बरंच," आत्या म्हणाली आणि टोक टेकवलं. टाका लोण्यासारखा विरघळला.

"ह्याला आधी कुणीतरी शिशाची तार लावलीय."

"शक्य नाही. हे कार्ड आमच्याच दुरुस्ती विभागातून आलंय."

"मग तिथेही कुणाचातरी भाचा असेल," आत्या म्हणाली.

हॉलमध्ये कुणीतरी खोकला. बाईनं स्वतः आयर्न हातात घेतला, शेजारच्या टाक्याला लावला. ढिम्म. परत त्या टाक्याला लावला. वितळला. तिनं कार्डाचा नंबर लिहून घेतला आणि मग तिच्या चेहऱ्यावरची घट्ट बांधलेली गोष्ट जरा सैल झाली. "हा दोष माझ्या यादीत नाही," ती हळूच म्हणाली. "पुढचं करा, मॅडम."

आत्यानं तो टाका सोडवून साफ केला. चार पार्ट बदलले. जाड तांब्यावर तिनं खरखरचं टोक लावलं, आकडा वर नेला आणि दाबून धरलं. टोकातून बारीक धूर निघत होता. ती पुटपुटत होती, "उतर, बाई, उतर." तार उतरली, पसरली, काठ पातळ झाला. टाका मळकट दिसत होता. आत्या त्याच्याकडे बघून इतकी खूश झाली की मला वाटलं आता त्याची दृष्ट काढते.

बाईनं भिंगाखाली वीस मिनिटं घालवली. मग कागदावर लिहिलं: पास. शेरा: हात हळू.

"हळू?" ती गेल्यावर आत्या म्हणाली. "हळू म्हणजे? घाईनं काय होतं ते मी चौतीस कार्डांत बघितलंय." पुढचे दोन दिवस ती प्रत्येकाला विचारत होती, मी हळू आहे का? कुणाची हो म्हणायची टाप नव्हती. मालकांना चिठ्ठीबद्दल विचारलं तर म्हणाले, "कुठली चिठ्ठी? बसा जाग्यावर, तीन पंप आलेत." त्या दिवसापासून आमच्याकडे दोन रंगांची टेबलं आहेत. हिरव्या टेबलावरचं काहीही, अगदी स्पंजसुद्धा, दुसऱ्या टेबलावर जात नाही. तसा नियम आत्यानं केला आणि तो पहिल्यांदा मीच मोडला म्हणून मला सगळ्यांसमोर ऐकवलं, कारण माझ्या खिशात चुकीच्या टेबलाची पक्कड सापडली. जेवायची सुट्टी मला परत मिळाली.

राहिलं ते टोक. बिनशिशाचं सोल्डर टोकाला खातं. जास्त ताप, जास्त कथील, वरचा मुलामा जातो आणि आतलं लोखंड उघडं पडतं. एका दिवसाचं काम म्हणून आणलेलं टोक त्या तीन पंपांना वापरलं, मग आणखी सहांना. एका शनिवारी आत्यानं ते स्टँडवरून काढलं तर चपट्या धारेला मध्ये खळगा पडला होता, उंदरानं बिस्किट कुरतडावं तसा.

ती स्वतः घेऊन गेली. मी बरोबर होतो. खरखरनं टोक डोळ्याला भिंग लावून बघितलं, उलटं करून बघितलं.

"हे दिलं तेव्हा माणसात होतं."

"नवीन देते आणून," आत्या म्हणाली. "माझा भाचा खरेदी सांभाळतो."

खरखर माझ्याकडे बघायला लागला. आत्याही. मी दुकानातल्या छताकडे बघितलं, तिथे बघण्यासारखं पुष्कळ होतं.

त्याला आता सहा महिने झाले. चार दुकानं पालथी घातली. तीन ठिकाणी म्हणाले, ते टोक आता बनत नाही. चौथ्यानं दुसरंच दिलं, ते खरखरच्या आयर्नमध्ये हलतं. त्यानं ते काडेपेटीचा पुठ्ठा कोंबून दोन दिवस चालवून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या हातात परत ठेवलं. मी चहाचं निमित्त काढून पलीकडच्या फुटपाथनं जातो, तर तो आतून ओरडतो, "काय रे स्टोअर, आलं का?"

"मागवलंय," मी म्हणतो.

"कुठून?"

ह्याचं उत्तर अजून ठरलेलं नाही. काल आत्यानंही विचारलं. म्हणाली, "त्याचं टोक दे बाबा लवकर. टाका कुणाचा सरस हे आता सिद्ध झालंय, पण त्याच्या दुकानात जाऊन सांगायची सोय राहिली नाही."